ज्याचं त्यानं ठरवावं?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेमुळे मी तिथला इतिहास वाचायला घेतला. अडकलो मात्र एका मधल्याच माणसापाशी. सिनेटर स्टीफन डग्लस.

१८२० मध्ये काँग्रेसनं नकाशावर रेघ मारली होती. लुइझियाना खरेदीत मिळालेल्या प्रदेशात, मिझुरी राज्य वगळता, ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. पण देश पश्चिमेला पसरत गेला तसं प्रत्येक नव्या राज्यागणिक भांडण पेटू लागलं. दक्षिणेला सिनेटमधलं बळ घटायची भीती, तर उत्तरेतल्या शेतकऱ्याला गुलामांच्या फुकट मजुरीशी स्पर्धा नको. डग्लसला शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती आणि त्यासाठी दक्षिणेची मतं हवी होती. १८५४ मध्ये त्यानं कायदा करून ती रेघच पुसली. कॅन्सस आणि नेब्रास्कात गुलामगिरी हवी की नको, ते तिथल्या रहिवाशांनीच ठरवावं!

खरं सांगतो, मला हे पटलं होतं. आमच्याकडे दोन टीम्सचं जमेना की आम्ही हेच करतो. सेटिंग देऊन टाकतो, ज्याला जे हवं ते त्यानं निवडावं. वाद मिटतो, वर आपण कुणाची बाजू घेतली नाही याचं समाधान.

कॅन्ससमध्ये मार्च १८५५ ला निवडणूक झाली. मतदार सुमारे २,९००, मतं पडली सहा हजारांवर. शेजारच्या मिझुरीतून माणसं हत्यारं घेऊन आली आणि मतं देऊन घरी गेली. पुढे दोन सरकारं, जाळपोळ, खून.

पण मला बोगस मतदानापेक्षा दुसरीच गोष्ट टोचते. त्याच डिसेंबरात गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं आणि मुक्त कृष्णवर्णीयांनाही इथे येऊ देऊ नये असा कौल दिला. म्हणजे ‘ज्याचं त्यानं’मधला ‘तो’ कोण, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरलेलं होतं. ज्याच्या पाठीवर चाबूक, त्याला सेटिंग दिसतच नव्हती.

गुलामगिरी मतदानात जिंको वा हरो, आपल्याला फरक पडत नाही, असं डग्लस उघड म्हणे. लिंकननं १८५८ च्या वादसभांत त्याला तिथेच धरलं : ज्याला ती गोष्ट चूक वाटतच नाही, त्यालाच असं म्हणता येतं.

जानेवारी १८६१ मध्ये कॅन्सस मुक्त राज्य म्हणून संघात आलं. एप्रिलमध्ये फोर्ट समटरवर तोफा धडाडल्या. तेव्हा डग्लस लिंकनच्या पाठीशी उभा राहिला, देश वाचवा म्हणून भाषणं करत फिरला आणि जूनमध्ये वारला.