गोष्टीतला कावळा

रात्री भाचीला झोपवताना मी चिऊ-काऊची गोष्ट सांगतो. कावळ्याचे घर शेणाचे, चिऊताईचे मेणाचे. पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा भिजत चिऊताईच्या दाराशी येतो. ती मात्र बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, निजवते, दार काही उघडत नाही. माझ्या आजीच्या गोष्टीत शेवटी कावळा तापल्या तव्यावर बसून भाजतो. मी तवा गाळला आणि त्याला गरम भात दिला.

भाची चार वर्षांची आहे. तिने विचारले, "मामा, खरंच असंच झालं?" मी "हो" म्हणालो. ते "हो" मला अजून टोचते.

पक्षी बोलतात असे सांगणे म्हणजे असत्य बोलणे का? मला तसे वाटत नाही. "एकदा काय झालं" म्हटले की आपण गोष्टीत शिरलो, हे लहान मूलही ओळखते. (मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, खोटा हिशेब लिहिणाऱ्याला मात्र तो खराच वाटायला हवा असतो.) पण भाचीचा प्रश्न गोष्टीबाहेरचा होता आणि माझे उत्तर गोष्टीतले.

शेवट बदलल्याचे वाईट वाटत नाही. लेखाचे भाषांतर करताना मी मूळ अर्थाला हात लावत नाही. तोंडी गोष्ट मात्र प्रत्येक आजी समोरच्या नातवंडाकडे पाहून थोडी बदलतेच.

काल तिला सांगितले, "पणजीच्या गोष्टीत कावळा भाजतो. मला ते आवडत नाही, म्हणून मी भात देतो."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "लोणचं पण दे."