उणे चाळीस

हेड उतरवून, गॅस्केट बदलून आमची गाडी घरी आली (बिलाचा आकडा सौ.ला अजून सांगितलेला नाही) आणि दुसऱ्याच दिवशी पिवळा दिवा लागला. मेकॅनिकनं स्कॅनर जोडला. इंजिनाचं तापमान : उणे ४० अंश! पुण्यात, मे महिन्यात!

"सेन्सर खोटं बोलतोय, बदलून टाका," मी म्हणालो. वीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. तफावत दिसली की आधी आरोपी शोधायचा.

"साहेब, त्याला बोलू कुठं दिलंय?" या सेन्सरचा विद्युतरोध तापला की घटतो, गारठला की वाढतो. वायरच तुटक असली की रोध अनंत, आणि अनंत म्हणजे काँप्युटरच्या लेखी हिमालय. गॅस्केटच्या गडबडीत प्लग लावायचाच राहिला होता! मग खोटं बोललं कोण? सेन्सर मुका. काँप्युटरनं आलं ते वाचलं. निकाल देऊन मोकळा झालो तो मी.

प्लग बसला, आकडा ८८ वर आला. मला मात्र आमचा जुना कॅशियर आठवला. आठशे रुपये कमी भरले, तेव्हा त्याला कोणी काही विचारलंच नाही. बिचाऱ्यानं खिशातून भरले. महिन्याभरानं व्हाउचर सापडलं, माझ्या ड्रॉवरच्या फटीत. तोवर त्याची नांदेडला बदली झाली होती.

पत्ता माझ्याकडे आहे.