हक्काविना ऋण

ज्याला मागण्याचा हक्क आहे त्याला देणे हा व्यवहार होय; ज्याला मागताच येत नाही त्याला देणे हा धर्म. हा भेद आपल्या समाजाला नवा नाही. तथापि सहा वर्षांखालील बालकांच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे त्याचे विस्मरण होते, असे खेदाने म्हणावे लागते.

सुरत शहराचेच उदाहरण घेऊ. तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेस येते. तिच्याच वाटेने धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे आली आणि लिंबायत, उधना अशा भागांत स्थिरावली. अशा घरांतून बाप यंत्रमागावर पाळी करतो. आई घरी बसून साड्यांचे धागे कापते, टिकल्या चिकटविते. मूल घरात अहिराणी ऐकते, गल्लीत हिंदी व गुजराती. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचीही सोय आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु पहिलीचे दार सहाव्या वर्षी उघडते. तोवरच्या वर्षांचे उत्तरदायित्व कोणाचे?

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमात १४ वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प होता. वयाची खालची मर्यादा तेथे नव्हती. २००२ सालच्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, पण तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. त्याहून लहानांसाठी शासनाने प्रयत्न करावा, एवढेच उरले. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाचा पाया मानला आणि शक्य तेथे घरच्या भाषेचा आग्रह धरला. हे सर्व स्तुत्य आहे. तरी जे मिळते ते योजना म्हणून मिळते, हक्क म्हणून नव्हे.

या बाबतीत गुजराती व मराठी समाजांचा वारसा एकच आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर स्थापिले. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे १९४५ साली बोर्डी येथे ताराबाईंनी, अनुताई वाघ यांना सोबत घेऊन, गरिबांच्या मुलांसाठी काम आरंभिले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. तेव्हा कायद्याने त्यांना कोणतीही सक्ती केली नव्हती.

संशोधनही हेच सांगते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ साली १२३ गरीब बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी काहींना बालशाळेत घेतले, काहींना नाही. बालशाळेत गेलेल्यांची बुद्धिमापनातील आघाडी काही वर्षांत ओसरली. परंतु वयाच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेता त्यांची मिळकत अधिक व अपराध कमी आढळले. बालपणी पेरलेले पुष्कळदा परीक्षेत दिसत नाही, आयुष्यात दिसते.

कोणी म्हणेल, पहिली पाच वर्षे लाडाची, ती आईच्या मांडीवरच जावीत. हे म्हणणे खोटे नाही. पण जिच्या मांडीवर दिवसभर दुसऱ्याची साडी आहे, तिने मूल कोठे घ्यावे? शिवाय लाड म्हणजे केवळ कुरवाळणे नव्हे. गोष्ट सांगणे, गाणे म्हणणे, मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणे, हाही लाडच आहे. चांगली बालवाडी यापेक्षा वेगळे काय करते?

आपण ऋषिऋण मानतो. ते अध्ययनाने व अध्यापनाने फेडावयाचे असते, आणि ज्याला ते पोचवावयाचे तो आपलाच मुलगा असावा असे कोठेही बंधन नाही. आपल्या देवस्थानांची सभागृहे सकाळच्या पूजेनंतर सायंकाळच्या आरतीपर्यंत बहुधा रिकामी असतात. तेथे चार चटया अंथरून, अहिराणीत किंवा कोंकणीत, ज्या त्या मुलाच्या घरच्या बोलीत, गोष्टी सांगणारी एक बाई बसविता येणार नाही काय? अर्थात शासनाचे कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही. आपले मात्र सुरू होते.

चार वर्षांचे मूल न्यायालयात जात नाही, मतही देत नाही. त्याचा तगादा लागत नाही म्हणून त्याचे ऋण बुडवावे, हे कोणत्या धर्मात बसते, याचा विचार वाचकांनी करावा.