जखम भरते तेव्हा

“भोग असतो, बाई. भोगूनच संपवायचा.” माझ्या हृदयाची तीच रक्तवाहिनी पुन्हा अरुंद झाली, तेव्हा भेटायला येणाऱ्या बहुतेकांनी हेच सांगितलं. वाईत राहते, शाळेत संस्कृत शिकवण्यात नोकरी सरली. कर्मसिद्धान्ताची भाषा मला परकी नाही. अडचण वेगळीच होती. प्रारब्ध भोगलं की संपतं, असं शास्त्र म्हणतं. मग अँजिओप्लास्टी होऊन, स्टेंट बसून भोगून झालेला भोग नेमका त्याच जागी पुन्हा कसा उगवला?

डॉक्टर म्हणाले, जुनं ब्लॉकेज परत आलेलं नाही. फुग्यानं रक्तवाहिनी ताणली, तिच्या आतल्या अस्तराला इजा झाली. ती इजा शरीरानं भरून काढली, पण गरजेपेक्षा जास्त. भिंतीतल्या स्नायूपेशी वाढून आत सरकल्या आणि स्टेंटच्या जाळीवर त्यांचा थर चढला.

म्हणजे वाट अडवली ती बरं होण्यानंच. पाप शोधायला निघालेल्या माणसाची इथं पंचाईत होते.

आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. रुग्ण ३८ वर्षांचा होता आणि त्याची ती धमनी पुढं कित्येक वर्षं मोकळी राहिली. नंतरच्या रुग्णांत मात्र साधारण तिघांत एकाची धमनी सहा महिन्यांच्या आत पुन्हा आवळली जाई. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला पहिला स्टेंट बसला. ताणलेली भिंत परत मिटू नये, हे काम धातूच्या जाळीनं केलं. पेशींची वाढ तिला थांबवता आली नाही. झुरिकच्या त्या पहिल्या रुग्णाचं पुण्य इतरांपेक्षा मोठं होतं, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आमच्या दादाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्याची बायपास झाली तेव्हा एक जोड छातीच्या आतल्या धमनीचा दिला आणि बाकीचे पायातून काढलेल्या शिरेचे. शिरेला कमी दाबाची सवय. तिला धमनीच्या दाबाखाली आणणं म्हणजे शेतातल्या पाटात धरणाचं पाणी सोडण्यासारखं. ती तग धरण्यासाठी जाड होते, पुढं तिच्यात चरबीही साचते. शिरेचे निम्म्याच्या आसपास जोड दहा वर्षांत बंद पडतात किंवा फार अरुंद होतात. छातीतल्या धमनीचे दहातले नऊ चालू असतात. दादाचंही तसंच झालं. एकच छाती, एकच माणूस, पापपुण्याचं खातंही एकच. तरी एक वाट बंद आणि दुसरी वाहती. तो हसत म्हणाला, “माझं सगळं पाप पायात साठलं होतं वाटतं.”

कर्मसिद्धान्त मी टाकून दिलेला नाही. माणसाला केल्याचं उत्तरदायी धरणारा तो विचार आहे आणि सिगारेट ओढणाऱ्याला तो ऐकवायलाही हवा. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या गतजन्माची झडती घेणं हा त्या विचाराचा गैरवापर आहे. पेशीला शिक्षा देता येत नाही. तिला भरून काढणं ठाऊक आहे. थांबायचं कुठं, ते नेहमी ठाऊक नसतं.

तिला थांबवणारं औषध निघालं इस्टर बेटाच्या मातीतून. १९६४-६५ मध्ये तिथून नेलेल्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियलमध्ये रॅपामायसिन वेगळं केलं. १९९९ मध्ये साओ पावलोत त्याचा लेप दिलेले स्टेंट रुग्णांना पहिल्यांदा बसवले गेले. पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण खूप घटलं, पण त्याची किंमत निराळी. भरून येणं लांबलं की धातू जास्त काळ उघडा राहतो आणि त्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या नेमानं घ्यायच्या. जखम फार भरली तरी धोका, कमी भरली तरी धोका.

माझा दुसरा स्टेंट असा लेपाचा. गोळी घेताना मला मीमांसकांचं नित्यकर्म आठवतं. ते केल्यानं वेगळं फळ पदरात पडत नाही, न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. गोळीचंही असंच: घेतली तर काहीच घडत नाही, आणि ते न घडणं हेच तिचं काम. शंकराचार्यांनी या मतावर आक्षेप घेतला होता. न करणं हा अभाव. अभावातून दोष कसा जन्मेल? त्यांच्या मते दोष आधीच्या संचिताचा. कर्म चुकणं ही त्याची केवळ खूण. शरीरापुरतं मला ते पटतं. गुठळी चुकलेल्या गोळीतून निर्माण होत नाही. ती होते आधीच तिथं असलेल्या धातूवर, आधीच वाहत असलेल्या रक्तातून. आचार्य माझ्या मनावरचं ओझं उतरवतात, मीमांसक मला नेम सोडू देत नाहीत. मला दोघंही हवेत.

हे सगळं दादाला समजावून सांगितलं. तोही रोज ॲस्पिरिन घेतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे गोळी चुकली तर पाप नाही ना?”

“पाप नाही,” मी म्हटलं, “पण गुठळी होऊ शकते. घेतलीस का आजची?”