रुईच्या पानावरचे बिऱ्हाड

फुलपाखरू ज्या फुलांतला मध पिते आणि ज्या झाडावर अंडी घालते ती झाडे बहुधा वेगवेगळी असतात. ज्याची पाने खाऊन अळी वाढते, त्या झाडाला खाद्यवनस्पती म्हणतात. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई ही 'प्लेन टायगर' या नारिंगी फुलपाखराची खाद्यवनस्पती होय. रुईचा चीक विषारी असल्याने गुरेही तिला सहसा तोंड लावत नाहीत. परंतु काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची ही अळी, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवीत, आधी पान कुरतडून चिकाचा ओघ तोडते, मग निवांत खाते आणि ते विष अंगी साठवून पक्ष्यांना नकोशी होते. या कडवटपणाचा लाभ परकेही उठवतात: 'डॅनेड एगफ्लाय' या बिनविषारी फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, याला अनुकृती म्हणतात, तिची अळी मात्र पोसते साध्या घोळीच्या भाजीवर.

अमेरिकेतून आलेली घाणेरी मध देते खरी, पण प्लेन टायगरच्या अळीला तिची पाने चालत नाहीत, म्हणून रुई उपटून घाणेरी राखणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या 'ब्लू मॉर्मन'च्या अळीलाही लिंबाच्या कुळातलीच पाने लागतात. तेव्हा कुंडीतल्या लिंबाची पाने कुरतडलेली दिसली, तर फवारणीपूर्वी ती नीट पाहावीत. पक्ष्याची विष्ठा वाटावी असा ठिपका तेथे असेल, तर ती बहुधा फुलपाखराची कोवळी अळी असते.