‘किफाया’ म्हणजे पुरेसे होणे

जनाजाची नमाज काहींनी अदा केली की उरलेले मोकळे होतात. कोणीच केली नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. यालाच फर्जे किफाया म्हणतात. भलाईकडे बोलावणारा एक गट तुमच्यात असावा, असा आदेश सूरह आले इमरानच्या १०४ व्या आयतीत आहे. त्यावरून अनेक विद्वानांनी दावतचे कार्य याच सदरात धरले आहे.

वाणिज्य शाखेत शिकत असल्याने मला इथे भागीदारी संस्था आठवते. १९३२ च्या कायद्यानुसार संस्थेच्या कर्जाला सगळे भागीदार मिळून जबाबदार असतात आणि प्रत्येकजण एकेकटाही. एकाने कर्ज फेडले की धनको इतरांकडे येत नाही. पण अर्धेच फेडले तर? उरलेल्या रकमेसाठी तो कोणाचेही दार ठोठावू शकतो. ‘कोणीतरी करीत आहे ना’ असे म्हणताना आपण हे उरलेले अर्धे विसरतो.

रायपूरच्या चौबे कॉलोनीचेच पाहा. तिथे महाराष्ट्र मंडळ आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या मुलखात आहे. उर्दूत तकरिरी होतात, हिंदीत पुस्तके मिळतात. पण ज्या शेजाऱ्याच्या घरात आजही मराठी बोलली जाते, त्याला मराठीतून कोण सांगणार? प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत पाठविला गेला, असे सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत स्पष्ट म्हटले आहे.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी वैद्यक आणि हिशेब यांनाही फर्जे किफाया म्हटले. गावोगावी मुस्लिम वैद्य नाही आणि सगळी गर्दी मात्र फिक्हच्या वादांकडे, ही त्यांची तक्रार होती. आपलीही गर्दी एकाच बाजूला आहे.

काहींना भीती वाटते. १९६८ चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा छत्तीसगढलाही वारशाने मिळाला. बळ, आमिष, फसवणूक यांनी धर्मांतर घडविणे त्यात गुन्हा ठरविले गेले. पण धर्मात सक्ती नाही, हे तर सूरह बकरा (आयत २५६) आधीच सांगते. आपले काम पोहोचविण्याचे. मन वळविणे अल्लाहच्या हाती.

शेजारच्या काकूंनी ‘रोजात पाणीसुद्धा का नाही?’ असे विचारले तर हसून विषय बदलू नका. जेवढे ठाऊक आहे तेवढे साध्या मराठीत सांगा. ठाऊक नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणा, आणि खरोखर विचारून उद्या पुन्हा त्यांच्या दारी जा.