विरंगुळ्याचा तास कोणाचा?

चाळिशीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या प्रापंचिक माणसाला पैशाची चणचण असते तशीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, वेळेची चणचण असते. आईवडील थकलेले असतात, मुले वरच्या वर्गांत गेलेली असतात, नोकरीतील जबाबदारी वाढलेली असते आणि गुडघे, डोळे, पाठ यांनी कुरकुर सुरू केलेली असते. अशा माणसाने दिवसाकाठी एखादा तास निव्वळ आपल्या आवडीसाठी राखून ठेवला, तर तो त्याचा हक्क म्हणायचा की चोरी? आणि चोरी असेल, तर ती कोणाच्या मालाची? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पापनिवेदनाला गुडघे टेकताना आपण रागाचा, असत्याचा, चुकलेल्या मिस्साचा हिशोब मांडतो. छंदात गेलेल्या तासांचा हिशोब कोणी मागत नाही, आणि आपणही तो देत नाही.

हा प्रश्न मला विचारला तो वडनेर भोलजीच्या एका स्नेह्यांनी. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, महामार्गाला लागून आहे. या रस्त्याचा जुना क्रमांक ६, आता तो ५३ झाला. गुजरातेकडून कलकत्त्याच्या दिशेने जाणारे ट्रक येथून रात्रंदिवस धावतात. रस्ता सोडून आत वळले की काळी जमीन, कपाशी, तूर आणि सोयाबीन. माझे स्नेही रोज मलकापूरला नोकरीस जातात, गावी चार एकर वावर सांभाळतात, आणि या मुलखातील विखुरलेल्या कॅथोलिक कुटुंबांप्रमाणे मिस्सासाठी घरच्यांना घेऊन प्रवास करतात. ज्या रविवारी तो घडत नाही त्या रविवारी घरातच शास्त्रपाठ वाचतात, जपमाळ म्हणतात. त्यांचा छंद म्हणजे बिघडलेले जुने रेडिओ. मर्फी, बुश, फिलिप्स अशा कंपन्यांचे लाकडी पेटीतले संच कोणी ना कोणी त्यांच्याकडे आणून टाकते. रात्री जेवणे झाली की ते एखादा संच उघडून बसतात. कथिलाची तार वितळते, राळेचा वास सुटतो, आणि कधी तरी आठ-पंधरा दिवसांनी त्या मुक्या पेटीला कंठ फुटतो. यातून त्यांना पैसा मिळत नाही. त्यांनी पत्रात विचारले होते ते एवढेच: “हा माझा तास देवाला चालतो का?”

त्यांच्या मनात ही शंका कोठून आली याची मला कल्पना आहे. आपल्याकडे लहानपणापासून कानांवर येते ते आळसाचे पाप. रिकाम्या हातांना सैतान काम देतो, असे बजावणारी एखादी आजी प्रत्येक घरात असते. परंतु ख्रिस्तसभेच्या आचार्यांचा आळसाविषयीचा विचार या आजीबाईंपेक्षा बराच खोल आहे. संत थॉमस अक्विनास यांच्या मते आळसाचे मूळ पाप हे कामाच्या कंटाळ्यात नाही. परमेश्वरी प्रेमाचा आनंद नकोसा होणे, हे त्याचे खरे रूप. म्हणून हे पाप साब्बाथाच्या आज्ञेविरुद्ध आहे असे ते सांगतात, कारण त्या आज्ञेत मनाला परमेश्वराच्या ठायी विसावा घेण्यास सांगितले आहे. म्हणजे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणारा माणूसदेखील या अर्थाने आळशी असू शकतो. थांबले की मन एकटे पडते आणि देव समोर येतो, या भयाने कामात डोके खुपसून बसणारे कितीतरी कर्तबगार पुरुष आपण पाहतो. त्यांचा सत्कारही होतो.

याच अक्विनासांनी आपल्या महाग्रंथात खेळ व करमणूक या विषयाचाही विचार केला आहे. करमणुकीचा अतिरेक हा दोष आहे हे ते मान्य करतात. पण करमणुकीचा संपूर्ण अभाव हाही दोषच, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेथे त्यांनी प्राचीन मठवासीयांच्या परंपरेतील एक कथा दिली आहे. शुभवर्तमानकार संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना काहींना दिसले आणि त्यांना ते खटकले. त्यांतील एकाजवळ धनुष्य होते. योहानांनी त्याला एक बाण सोडायला लावला, मग दुसरा, मग आणखी. आणि विचारले, असे तू अखंड करू शकशील काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचे तसेच आहे, असे योहानांनी त्याला सांगितले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने तर याच्या पुढचे पाऊल टाकले. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर झालेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात प्रापंचिकांच्या याजकपणाचा विचार आहे. प्रार्थना, प्रेषितकार्य, विवाहित जीवन, रोजचे श्रम यांच्या पंक्तीत तेथे शरीर व मन यांचा विसावाही बसवलेला आहे. पवित्र आत्म्याच्या ठायी घेतलेला हा विसावा आत्मिक यज्ञ होतो, आणि मिस्साबलिदानात प्रभूच्या शरीरासमवेत तो पित्याला अर्पण केला जातो, असा त्या परिच्छेदाचा आशय आहे. वडनेरच्या एका ओसरीवर राळेच्या धुरात बसलेला माणूस आणि वेदीवरची भाकर यांच्यात असा सरळ धागा आहे. हे सारे मी स्नेह्यांना लिहून कळवले. देवाला चालते, असे त्यांना सांगण्यास मला काहीच अडचण नव्हती.

पुढे एकदा त्यांच्या घरी जाणे झाले. दुरुस्त झालेले संच त्यांनी मोठ्या हौसेने दाखवले. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीला मी सहज विचारले, “वहिनी, आणि तुमचा छंद कोणता?” त्या हसल्या. म्हणाल्या, “मला वेळ मिळाला तर मी झोपते.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण त्या उत्तराने मूळ प्रश्नच दुसऱ्या जागी नेऊन ठेवला. पुरुषाचा तास देवाला चालतो की नाही, हे विचारण्याआधी तो तास आला कोठून, हे पाहिले पाहिजे. रात्री नऊ वाजता ते रेडिओ उघडून बसतात तेव्हा भांडी कोण घासते? मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध, उद्याच्या डब्याची भाजी, दुधाचे विरजण हे सारे त्याच तासात होत असते.

विसाव्याची आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा आली आहे, निर्गम आणि अनुवाद या ग्रंथांत. तिसरी आज्ञा म्हणून ती आपल्याला पाठ असते, परंतु सहसा तिचे पहिले वाक्यच. पुढे एक यादी आहे. त्या दिवशी तू काम करू नकोस. तसेच तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, कोणीही करू नये. अनुवादात त्यामागचे कारणही दिले आहे: तू स्वतः मिसर देशात गुलाम होतास, हे विसरू नकोस. या यादीत बैल आहे, गाढव आहे. पत्नी नाही. भाष्यकार सांगतात की ‘तू’ या संबोधनातच तिचा समावेश आहे. हे स्पष्टीकरण मला योग्य वाटते, सुंदरही वाटते. पतिपत्नी एकदेह आहेत, मग तिला वेगळे का मोजावे? पण व्यवहारात काय होते? ‘तू’ म्हटल्यावर पुरुष तेवढा ओ देतो.

बैलाचे म्हणाल, तर आपल्या वऱ्हाडाने ही आज्ञा मोशेच्या तोंडून न ऐकताच पाळली आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळून शेक देतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचे नाही, त्यांच्यावर चाबूक उगारायचा नाही. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू, आणि तोरणाखालून मिरवून आले की दारात पूजा व पुरणपोळी. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी या दिवसाचा मान गेलेला नाही. आमचे शेजारी हा सण करतात तेव्हा मला त्यात अनुवादाच्या ग्रंथातील दयाच दिसते. फक्त एक गोष्ट डोळ्यांआड होत नाही. बैलाच्या विसाव्यासाठी लागणारे पुरण वाटणारी बाई त्या दिवशी इतर दिवसांहून अधिक राबते. आपल्या घरांतील नाताळची गोष्ट वेगळी आहे असे कोणी म्हणू नये. करंज्या आपोआप तळल्या जात नाहीत.

हे केवळ मनाचे खेळ नाहीत. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या बिनमोबदल्याच्या कामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. आणि मुळात असे काम करणारे पुरुषच शंभरांत सव्वीसच्या आसपास. बाकीच्यांच्या छंदाचा तास कोठून येतो हे यापुढे वेगळे सांगायला नको.

रविवारची सुट्टीसुद्धा आपल्याला आयती मिळाली अशी आपली समजूत असते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना ती मिळवून दिली जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारी सुट्टी मिळू लागली. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक, ज्यात रविवारच्या विसाव्याचा कैवार घेतला आहे, ते त्यानंतर वर्षभराने, मे १८९१ मध्ये निघाले. मराठी मुलखात रविवार हा खंडोबाचाही वार. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. तरी आपल्या मिस्साला जाण्याच्या वाटेत त्यांचे ऋण आहे. विसावा कोणीतरी मिळवून द्यावा लागतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या पदरात पडतो. गिरणीच्या बाबतीत हे आपल्याला चटकन पटते. स्वयंपाकघराचा विषय निघाला की आपण गप्प होतो.

येथे मला लुई आणि झेली मार्टिन यांची आठवण होते. लिझ्यूच्या संत तेरेजेचे हे आईवडील. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना एकत्रच संतपद बहाल केले. लुई हे फ्रान्समधील अलांसों गावचे घड्याळजी. रविवारी दुकान उघडायचे नाही हा त्यांचा नेम होता, धंदा बुडतो असे मित्रांनी बजावले तरी. मासे पकडण्याचा त्यांना भारी नाद. गळाला लागलेले मासे ते क्लारा संन्यासिनींच्या मठात देऊन टाकीत. लग्नाच्या आदल्या वर्षी, १८५७ मध्ये, त्यांनी बागेसह एक लहानशी बुरूजवजा वास्तू विकत घेतली होती. तेथे वाचन, मनन आणि गळ-दोऱ्यांची निगा चाले. येथवर हे चित्र माझ्या स्नेह्यांहून निराळे नाही. परंतु झेली यांचा स्वतःचा लेस विणण्याचा व्यवसाय होता, हाताखाली कारागीर स्त्रिया होत्या, आणि नऊ बाळंतपणे सोसून, त्यांतील चार मुले मातीआड करून त्या तो चालवीत होत्या. तो भार किती जड होत गेला हे त्यांच्या पत्रांतून कळते. १८७० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, लुई यांनी घड्याळांचे दुकान भाच्याच्या हवाली केले आणि ते पत्नीच्या व्यवसायात तिचे मदतनीस झाले. हिशोब, मागण्या, प्रवास त्यांनी पत्करले. एकोणिसाव्या शतकातील पुरुषाने आपला धंदा सोडून बायकोच्या धंद्यात दुय्यम जागा घ्यावी, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व उपासतापासांपेक्षा मोठी वाटते. गळ त्यांनी टाकून दिला नाही. टाकायला हवा होता असेही मला वाटत नाही. झेली १८७७ मध्ये कर्करोगाने वारल्या, अवघ्या पंचेचाळीस वर्षांच्या.

माझ्या स्नेह्यांनी नोकरी सोडलेली नाही. ते शक्यही नव्हते. त्यांनी आठवड्यातील दोन रात्री आणि रविवारची दुपार स्वयंपाकघर आपल्याकडे घेतले. पहिल्या भाकरी जाड झाल्या, मुलांनी नाके मुरडली, आणि गल्लीत व्हायची ती थट्टा झाली. अधिक अवघड होते ते वहिनींचे. मोकळी मिळालेली दुपार घेऊन काय करायचे ते त्यांना उमगेना. पहिले दोन रविवार त्यांनी कपाट आवरले, तिसऱ्या रविवारी डाळी निवडल्या. मार्था-मरियेच्या प्रसंगावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो. मार्थेला प्रभूच्या पायांशी बसायचे म्हटले तर आधी बसायला शिकावे लागेल, हे त्यांत क्वचितच येते. वहिनी लग्नाआधी गात असत, हे त्यांच्या मुलांना ठाऊक नव्हते. आता त्या मिस्साची गीते वहीत उतरवतात, आणि सुधारलेला एक फिलिप्स त्यांच्या खिडकीत आहे. छंद म्हणावा असे त्याला अजून रूप आलेले नाही. बऱ्याच दुपारी त्या झोपतातच.

यादीतील दासी आणि परका यांचा हिशोब मात्र तसाच राहिला आहे. दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटते, वेचणीला बाया येतात, मजुरी किलोवर असते. रविवारी वेचणी थांबवावी असे स्नेह्यांच्या मनात आले आणि त्यांनी बायांनाच विचारले. त्यांतली एक म्हणाली, “दादा, आमाले सुट्टी देता, पन त्या दिवसाची मजुरी कोन देईन?” यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. फुटलेला कापूस पावसात सापडला की हातचे पीक जाते, आणि विहिरीत पडलेल्या बैलाला साब्बाथाच्या दिवशीही बाहेर काढावे हे तर प्रभूनेच सांगितले आहे. पण दर रविवारी बैल विहिरीत पडत नाही. सहा दिवसांच्या मजुरीत सातवा दिवस भागावा असा हिशोब त्यांनी मांडून पाहिला, तर कापसाच्या भावात तो बसेना. शेवटी त्यांनी किलोमागे थोडी वाढ दिली आणि रविवारची वेचणी बंद केली. त्या बाया रविवारी शेजारच्या वावरात वेचायला जातात.